ज्ञानकोशाच्या दारात उभे असलेले गाणारे

फारशा प्रसिद्ध नसलेल्या एखाद्या गायक-वादकांच्या संचाला इंटरनेटवरील ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद मिळावी की नाही, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाने चर्चेस घ्यावा याचे काही साथींना आश्चर्य वाटेल. महागाई, बेकारी, कंत्राटी पद्धतीच्या नावाखाली चाललेली कामगारांची पिळवणूक, शेतमालाच्या भावाचा कायमचा प्रश्न हे सारे समोर उभे असताना कुठल्या वाद्यवृंदाचे पान राहिले काय आणि गेले काय, अशी त्यांची प्रतिक्रिया होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी कुळकायद्याच्या लढ्याच्या हकिकती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना तरी नोंदीचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली कुळाने, पण पीकपाहणीत नाव मालकाचे. आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कायद्याने कसणाऱ्याला मालक ठरवले तेव्हा जो कागदावर नव्हता तो शेतावरही नव्हता, असे कितीतरी ठिकाणी सिद्ध करण्यात आले. नोंद ही वस्तुस्थितीची छाया असते असे शहाणी माणसे म्हणतात. व्यवहारात अनेकदा नोंद हीच वस्तुस्थिती होऊन बसते.

विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ चा. आज इंग्रजीतील लेखांची संख्या सत्तर लाखांच्या घरात आहे, मराठीतील लाखाच्या आसपास. कोणाचाही मालकी हक्क नसलेले, जाहिराती न घेणारे, आणि बिनपगारी स्वयंसेवकांच्या श्रमातून उभे राहिलेले हे काम आहे. नफ्याशिवाय माणूस काम करत नाही, हा पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्राचा सिद्धान्त त्याने जगाच्या चव्हाट्यावर खोटा पाडला, ही गोष्ट समाजवाद्यांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. विद्यार्थी प्रथम तेथे पाहतो, वार्ताहर तेथे पाहतो, सरकारी कचेरीतला अधिकारीही तेथेच पाहतो. गूगलसारख्या कंपन्या त्यातील मजकूर आपल्या शोधफळांच्या शेजारी मांडतात, आणि माणसासारखी उत्तरे देणारी जी नवी यंत्रे आली आहेत त्यांच्या शिक्षणातही या मजकुराचा मोठा वाटा आहे. तेव्हा ज्याचे पान नाही, तो केवळ एका कोशाबाहेर राहतो असे नव्हे. पुढे होणाऱ्या सगळ्या नोंदींच्या बाहेर राहण्याचा धोका त्याला आहे.

पान कोणाला मिळते? त्यासाठी या कोशाने ‘उल्लेखनीयता’ नावाचा निकष केला आहे. एखाद्या विषयाची स्वतंत्र, विश्वासार्ह आणि प्रकाशित साधनांनी भरीव दखल घेतलेली असली पाहिजे, हे त्याचे सार. संगीत संचांसाठी इंग्रजी आवृत्तीत याखेरीज सुमारे डझनभर कसोट्या आहेत. त्यांतली एखादी पुरी झाली तर तो संच उल्लेखनीय असण्याचा संभव आहे असे मानतात. एखाद्या देशाच्या अधिकृत विक्रीतक्त्यात गाणे येणे, विक्रीबद्दल सुवर्ण तबकडी मिळणे, मोठ्या किंवा महत्त्वाच्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून दोन किंवा अधिक तबकड्या निघणे, ग्रॅमीसारखे मोठे पारितोषिक मिळणे, देशव्यापी दौऱ्याची वृत्तपत्रांनी दखल घेणे, राष्ट्रीय आकाशवाणीवर गाणे वारंवार वाजणे, या त्यांतील काही. ज्या पानात संचाच्या महत्त्वाचा दावासुद्धा केलेला नसेल, ते चर्चेशिवाय तत्काळ काढून टाकता येते. शंकास्पद पानावर साधारण सात दिवस चर्चा होते आणि मग निकाल लागतो.

या कसोट्यांची परीक्षा कागदावर होत नाही, प्रत्यक्ष प्रकरणात होते. असे एक प्रकरण केनियाचे आहे. नैरोबीच्या केन्याटा विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये एक संच काढला आणि त्याचे नावच ‘जस्ट अ बँड’, म्हणजे ‘नुसता एक बँड’, असे ठेवले. नावातला विनय पुढे त्यांच्या प्रकरणाला फारच लागू पडला. मार्च २०१० मध्ये ‘हा-हे’ या त्यांच्या गाण्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. त्याचा नायक माकमेंडे. हा शब्द नैरोबीतील पोरांच्या बोलीतला. क्लिंट ईस्टवूडच्या चित्रपटातील एका इंग्रजी धमकीचा अपभ्रंश होऊन तो रुजला असे सांगतात. गल्लीतला जो पोरगा स्वतःला फार शूर समजतो त्याला ‘मोठा माकमेंडे लागून गेलास’ असे हिणवायचे! या नायकाने काही दिवसांत केनियातील तरुणांना वेड लावले. त्याच्यावर विनोद रचले गेले, नोटांवर त्याचे चित्र चढवले गेले, आणि इंटरनेटवर स्वयंस्फूर्तीने पसरलेली केनियाची ही पहिलीच मोठी घटना म्हणून तिचा उल्लेख होऊ लागला.

स्वाभाविकपणे कोणीतरी माकमेंडेचे पान इंग्रजी विकिपीडियावर लिहिले. ते काढून टाकण्यात आले. पुन्हा लिहिले, पुन्हा काढले. नैरोबीत घडत होते ते नैरोबीच्या बाहेर दिसत नव्हते, आणि निकाल देणारे नैरोबीच्या बाहेर होते. पुढे अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नल आणि सीएनएन यांच्यासारख्यांनी या प्रकाराची दखल घेतली, पान टिकले. दक्षिण आफ्रिकेच्या संशोधक हेदर फोर्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात हे प्रकरण मांडले आहे. गाणे तेच होते, गाणारे तेच होते, ऐकणारेही तेच होते. केनियाच्या माणसांनी केनियाबद्दल दिलेली साक्ष अपुरी पडत होती, एवढाच काय तो फरक. मालकाच्या मुनीमाने ‘होय, हा येथे कसत असे’ म्हटल्यावर ज्याप्रमाणे कुळाचा हक्क मान्य व्हावा, त्यातलाच हा प्रकार.

येथे काही उत्साही मंडळी म्हणतील, मग हा निकषच मोडीत काढा. कागदाचा खर्च नाही, छपाईचा खर्च नाही. ज्याला पान हवे त्याला पान मिळू द्या. केतकरांना ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड काढण्यासाठी भागभांडवल उभारावे लागले, वर्गणीदारांसाठी वणवण करावी लागली, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तेव्हा त्यामागे सरकारी अनुदान होते. छापील कोशाला जागेची मर्यादा होती, ती आता उरली नाही, मग कोणाला दाराबाहेर का ठेवायचे? हा युक्तिवाद ऐकायला लोकशाहीवादी वाटतो. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे समाजवाद्यांनी विशेषकरून समजून घेतले पाहिजे.

एक पान वाढवण्याचा खर्च शून्याच्या जवळ आला हे खरे. परंतु पान खरे ठेवण्याचा खर्च शून्य झालेला नाही. प्रत्येक पानावर कोणीतरी पहारा ठेवावा लागतो. खोटे जन्मसाल, बनावट पारितोषिक, प्रतिस्पर्ध्याची बदनामी, औषधाच्या दुकानाची जाहिरात हे सारे काढत राहावे लागते. म्हणजे टंचाई कागदाची नाही, ती माणसाच्या लक्षाची आणि श्रमाची आहे, आणि ते श्रम फुकट मिळत असल्यामुळे त्यांची टंचाई किमतीतून दिसत नाही. उल्लेखनीयतेचा निकष म्हणजे या श्रमाचे रेशनिंग आहे. रेशनिंग उठवले की धान्य गरिबाला मिळते असे कोणत्या अनुभवावरून म्हणता येईल? मोकळ्या बाजारात रांगेच्या पुढे कोण उभा राहतो हे सर्वांस ठाऊक आहे.

शिवाय हे केवळ तर्काने सांगण्याची गरज नाही. २०१३ मध्ये एका अमेरिकी प्रसिद्धी कंपनीने शेकडो खोट्या नावांनी गिऱ्हाइकांची पाने लिहिल्याचे उघड झाले. २०१५ मध्ये ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण तर याहून विषारी. ३८१ खाती बंद करावी लागली. त्या टोळीची रीत अशी, की ज्या लहान धंदेवाल्यांचे आणि कलावंतांचे मसुदे नाकारले गेले होते तेच ती हुडकून काढी, पैसे घेऊन ते प्रसिद्ध करून देई, आणि मग पान सुरक्षित राहावे म्हणून दरमहा हप्ता मागे. नाकारलेल्या गाणाऱ्याच्या दारात पहिला कोण आला? वसुलीवाला. निकष नसता तर हप्ता नसता, असे कोणी म्हणेल. पण निकष नसता तर तो कोश म्हणजे जाहिरातींचे गोदाम झाले असते, आणि गोदामात पान असून कोणाला काय मिळणार? तेव्हा तपासणी हवी. प्रकाशित पुराव्याचा आग्रह हवा. ‘आमचा संच थोर आहे’ असे संचाने स्वतः म्हणणे पुरेसे नाही, ही अट योग्यच आहे, आणि ती डाव्या चळवळीतील संचांनाही लागू झाली पाहिजे.

वाद अटीशी नाही. ‘स्वतंत्र’ आणि ‘विश्वासार्ह’ या शब्दांच्या पोटात जो व्यवहार दडला आहे त्याच्याशी आहे.

वर दिलेल्या कसोट्या पुन्हा पाहाव्यात. तक्ता, सुवर्ण तबकडी, मोठी कंपनी, पारितोषिक, दौरा: यांतील बहुतेक गोष्टी बाजारातील खपाच्या पावत्या आहेत. बाजार ज्याला मोजतो तो उल्लेखनीय. बाजार ज्याला मोजत नाही तो असून नसल्यासारखा. महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. कॅसेटचे युग आले तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतांच्या कॅसेटी, नंतर तबकड्या, पथारीवर मांडून विकल्या जात आल्या. लाखोंचा समुदाय तेथे लोटतो. त्या विक्रीचा कोणता तक्ता? कोणती सुवर्ण तबकडी? पथारीवरचा खप हा खपच नव्हे, असे निकषाने कोठेही म्हटलेले नाही. त्याला तो दिसत नाही, इतकेच. नियमात एक उदार कलम आहे: एखाद्या शहरातील स्थानिक परंपरेचा ठळक प्रतिनिधी असलेला संचही ग्राह्य धरावा. परंतु तो ठळक आहे हे सांगणार कोण? पुन्हा छापील साधन. दार उघडे आहे, मात्र उंबरठ्यावर मागितला जाणारा दाखला ज्या कचेरीत मिळतो ती कचेरी गावात नाही.

(‘बँड’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या वरातीपुढे चालणारे, जरीच्या डगल्यांतले वाजंत्रीवाले उभे राहतात. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावची लग्ने वाजवली. त्यांतल्या एकाही पथकाचा कोणत्या कोशाने कधी विचार केला असेल तर तो अपवादच म्हणायचा.)

आता त्या ‘स्वतंत्र’ साधनांकडे वळावे. भारतातील एका बलाढ्य वृत्तपत्रसमूहाने २००३ पासून मनोरंजनविषयक मजकुराची जागा पैसे घेऊन देण्याची रीतसर व्यवस्था सुरू केली, ही जगजाहीर गोष्ट आहे. निवडणुकीच्या काळात पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार तर इतका बोकाळला की प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल द्यावा लागला. अशा परिस्थितीत ज्या संचामागे चित्रपट निर्मात्याचा किंवा कंपनीचा पैसा आहे त्याची ‘स्वतंत्र दखल’ विकत मिळते, आणि ज्याच्यामागे फक्त कामगार वस्ती आहे त्याची मिळत नाही. ज्ञानकोशाचा प्रामाणिक स्वयंसेवक दोन कात्रणे समोर ठेवून पहिल्याला आत घेतो आणि कात्रण नाही म्हणून दुसऱ्याला परत पाठवतो. त्याच्या हातून अन्याय होतो, तरी त्याने नियम तंतोतंत पाळलेला असतो.

विद्वानांनाही हा अनुभव चुकलेला नाही. कॅनडातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील मसुदा मे २०१८ मध्ये साधने अपुरी म्हणून नाकारण्यात आला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि पान त्याच दिवशी उभे राहिले. विद्यापीठाच्या आश्रयातील शास्त्रज्ञ स्त्रीची ही कथा, तर झोपडपट्टीतल्या शाहिराची काय असेल?

ती काय असते हे विलास घोगरे यांच्या चरित्रावरून दिसते. मुंबईच्या वस्त्यांत गाणारा हा लोकशाहीर आव्हान नाट्यमंचाबरोबर वर्षानुवर्षे गात होता. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्या दुःखाने काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या मृत्यूपासून निघालेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा पटवर्धनांचा चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला, जगभर दाखवला गेला, आणि त्यानंतर या शाहिराबद्दल लिहिले, बोलले जाऊ लागले. जिवंतपणी वस्ती-वस्तीत जो ऐकला जात होता तो निकषाच्या दृष्टीने उल्लेखनीय झाला मरणानंतर. पुण्याच्या कबीर कला मंचाचे तेच. गुजरातच्या दंगलींनंतर २००२ मध्ये स्थापन झालेल्या या पथकाकडे राष्ट्रीय वृत्तपत्रांचे लक्ष गेले ते २०११ मध्ये त्याच्या सदस्यांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटकेची कारवाई झाली तेव्हा, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये शीतल साठे व सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले तेव्हा. मधल्या वर्षांत ते गात नव्हते काय? श्रमिकांच्या गाणाऱ्याला ‘भरीव दखल’ मिळण्याचे दोन खात्रीचे मार्ग तुरुंग आणि स्मशान असावेत, ही गोष्ट कोणत्याही ज्ञानकोशाला भूषणावह नाही. ती वृत्तपत्रांना तर मुळीच भूषणावह नाही; कोश बिचारा त्यांचे प्रतिबिंब दाखवतो.

मग प्रतिबिंब दाखवण्यापलीकडे कोशाची काही जबाबदारी आहे की नाही? अठराव्या शतकात दिदरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो फ्रेंच ज्ञानकोश काढला, त्यात लोहार, विणकर, काचकारागीर यांच्या कामांची वर्णने आणि चित्रपट्ट्या घातल्या. त्या कारागिरांबद्दल त्या काळच्या विद्वानांनी ग्रंथ लिहून ठेवले होते म्हणून नव्हे. कारखान्यात जाऊन, विचारून, पाहून लिहिण्याचा त्यांचा आग्रह होता. आजच्या कोशाने मूळ संशोधन वर्ज्य केले आहे आणि त्याला कारणे आहेत. हजारो अनोळखी लेखक एकत्र लिहीत असताना ‘मी पाहिले’ हा पुरावा धरता येत नाही. पण म्हणून पाहण्याचे सारे मार्गच बंद करावेत असे त्यातून निघत नाही. २०११ मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक साक्षींचा एक प्रयोग केला. हिंदी, मलयाळम आणि सेपेडी या भाषांत, ज्या विषयांवर छापील काहीच नाही अशा विषयांवर जाणकार माणसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती घेऊन त्यांचा संदर्भ लेखांना देण्यात आला. इंग्रजी आवृत्तीतील मंडळींनी त्याबद्दल नाके मुरडली आणि तो नियम झाला नाही.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. गिरणगावातील कामगारांच्या मुलाखती घेऊन नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी एक मोलाचा ग्रंथ सिद्ध केला; तो २००४ मध्ये इंग्रजीत निघाला आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीतही आला. त्यातला गिरणी कामगार जे सांगतो ते आता बिनदिक्कत संदर्भ म्हणून देता येते. तोच कामगार, तेच वाक्य, पुठ्ठ्याच्या बांधणीत आले की पुरावा आणि चाळीच्या गॅलरीत बसून सांगितले की गप्पा. प्रकाशकाने आणि संपादकाने तपासणी केली म्हणून हा फरक, असे उत्तर दिले जाईल. उत्तर बरोबर आहे. तर मग मुद्दा तपासणीचा झाला, छपाईचा नव्हे. आणि तपासणीची व्यवस्था छापखान्याबाहेरही करता येते.

सामाईक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे विवेचन येथे उपयोगी पडते. सामाईक कुरण, सामाईक पाटाचे पाणी टिकवायचे तर सीमा स्पष्ट हव्यात, हे त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले. सर्वांना सारे मोकळे असे ठेवले तर कुरण उजाड होते. म्हणजे निकषाचे समर्थन त्यांच्याकडे सापडते. परंतु त्याबरोबरच त्या दोन गोष्टी सांगतात. नियम स्थानिक परिस्थितीशी जुळणारे हवेत, आणि ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात सहभाग हवा. धुळे-नाशिककडील पांझरा-मोसमच्या खोऱ्यातील फड पद्धतीचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तेथील पाण्याची पाळी लंडनला बसून कोणी ठरवली असती तर फड एका हंगामात मोडला असता. विकिपीडियाच्या कुरणाला सीमा आहे, ती आवश्यक आहे. पण ती सीमा अमेरिका-इंग्लंडमधील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या मोजपट्टीने आखली आहे, आणि नैरोबी किंवा नळदुर्गचा गाणारा ती आखणाऱ्यांत नव्हता.

तेव्हा मागणी नेमकी काय असावी? पहिली, की ज्या भाषेत आणि ज्या प्रदेशात संच गातो त्या भाषेतील साधने शोधल्याशिवाय त्याचे पान काढले जाऊ नये. इंग्रजीत शोधून काही सापडले नाही, हे कारण धरू नये. दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. एकेका संचाला स्वतंत्र पान की काहीच नाही, असा पेच घालण्याचे कारण नाही. ज्या संचाबद्दल चार वाक्येच खात्रीने लिहिता येतात त्याला चार वाक्ये द्यावीत आणि ती ‘मुंबईतील कामगार कलापथके’, ‘मराठवाड्यातील आंबेडकरी जलसे’ अशा सामुदायिक लेखात घालावीत. पान वगळण्याऐवजी व्यापक लेखात सामावून घेण्याची सोय त्या कोशात आजही आहे. ती अपवाद म्हणून न वापरता रीत म्हणून वापरावी. तारे निवडायचे आणि उरलेल्यांना अंधारात ढकलायचे, ही चित्रपट व्यवसायाची दृष्टी झाली. कलापथक हे मुळात सामुदायिक काम, त्याची नोंदही सामुदायिक असण्यात कमीपणा कसला? प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले नियम स्वतः करू शकतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. मराठी आवृत्तीला परवानगीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही.

मात्र केवळ मागण्या करून चळवळीची सुटका होणार नाही. लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ही तीन नावे सर्वांना पाठ आहेत. त्यांच्यामागे झील धरणारे कोण होते? ढोलकीवर कोण होते? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके पुढे आले, पु. ल. देशपांडे यांनी त्या पथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे वगनाट्य लिहिले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी त्यासाठी आयुष्याची वर्षे वेचली. यांतले जे चित्रपटात गेले त्यांची पाने सविस्तर आहेत. जे पथकाबरोबर एस.टी.च्या टपावर पेटी-तबला चढवत गावोगाव हिंडले आणि मग शाळेत किंवा बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, त्यांची नावे कुठल्या तरी स्मरणिकेच्या मागच्या पानावर आहेत, आणि ती स्मरणिका कार्यालयाच्या माळ्यावर वाळवी खात आहे. हा अन्याय कोणा अमेरिकी संपादकाने केलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार होते. त्या संपात गेटावर गाणारी किती पथके होती याची यादी कोणत्याही डाव्या पक्षाच्या कार्यालयात मागून पाहावी, म्हणजे कळेल.

चळवळीच्या पत्रांनी कार्यक्रमांचे वृत्त देताना ‘त्यानंतर कलापथकाचा बहारदार कार्यक्रम झाला’ हे वाक्य इतक्या वेळा छापले आहे की त्याचा खिळा कायम जुळवून ठेवला होता की काय अशी शंका यावी. कोणते पथक, कोणाची गाणी, कोणी गायली, काय फसले, श्रोत्यांनी काय उचलून धरले, यावर दोन परिच्छेद लिहिणे कोणाला सुचले नाही. भाषण नेत्याचे म्हणून तीन स्तंभ, गाणे कार्यकर्त्यांचे म्हणून एक ओळ. ‘भरीव दखल’ घेतली जात नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ही भरीव दखल प्रथम आपल्या पत्रांत घेतली असती, तर आज पन्नास वर्षांचे छापील, दिनांकित, संपादकाच्या हाताखालून गेलेले साधन तयार असते. पक्षाच्या पत्राने पक्षाच्या पथकाबद्दल लिहिलेले स्वतंत्र मानावे का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा, की समाजवाद्यांच्या पत्राने कम्युनिस्टांच्या पथकावर लिहावे, आंबेडकरी नियतकालिकाने सेवा दलावर लिहावे, आणि स्तुती न करता परीक्षण करावे. एकमेकांच्या कार्यक्रमाला न जाण्याची जी थोर परंपरा डाव्या पक्षांनी जपली आहे, ती यासाठी थोडी मोडावी लागेल.

काम फार खर्चाचे नाही. जिल्हा कार्यालयाने आपल्या भागातील हयात शाहीर, झीलकरी, ढोलकीवाले यांची यादी करावी. वयाने सर्वांत मोठा असेल त्याच्यापासून आरंभ करून मोबाइल फोनवर मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, तारीख, गाव आणि विचारणाऱ्याचे नाव त्यातच बोलून ठेवावे. गाणाऱ्याच्या लेखी संमतीने गाणी विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली चढवावीत; ज्याला आपल्या गाण्याचे चार पैसे मिळण्याची आशा आहे त्याच्यावर मात्र यासाठी दडपण आणू नये. मुलाखतींवरून लिहिलेले लेख दुसऱ्या पक्षाच्या किंवा पक्षाबाहेरच्या अभ्यासकाने तपासावेत आणि मग छापावेत. माळ्यावरच्या स्मरणिका, पत्रके, जत्रेतल्या कार्यक्रमांच्या पावत्या खाली काढून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मूळ कागद जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोचवून पावती घ्यावी. यानंतरही विकिपीडियाने एखाद्या पथकाचे पान काढले तर सात दिवसांच्या त्या चर्चेत जाऊन, शिवीगाळ न करता, साधने मांडून भांडावे. आणि साधन अपुरे ठरले तर त्या पथकाची चार वाक्ये सामुदायिक लेखात घालून पुढच्या पथकाकडे वळावे. पावसाळ्यानंतर शिबिरांचा हंगाम सुरू होतो. निदान माळे त्याआधी उपसून व्हावेत, कारण ओल कागदाला पाऊस संपेपर्यंत थांबत नाही.